आयईएलटीएससाठी व्याकरण: पुस्तक नंतर उघडा, आधी स्वतःच्या चुका मोजा

आयईएलटीएस म्हणजे परदेशी शिकायला किंवा कामाला जाऊ पाहणाऱ्यांची इंग्रजीची परीक्षा. तिची तारीख ठरली की बहुतेक जण पहिलं काम एकच करतात. व्याकरणाचं जाडजूड पुस्तक आणतात. पहिल्या पानावर नाउन, मग प्रोनाउन, मग ॲडजेक्टिव्ह. दुसऱ्या आठवड्यात बारा काळांचा तक्ता येतो, तो भिंतीवर चिकटतो, आणि तिसऱ्या आठवड्यात पुस्तक उशाशी पडून राहतं. मीही हेच केलं होतं. रायटिंगला, म्हणजे लेखनाच्या भागाला, नऊपैकी सहा आले. मग माझेच सरावाचे जुने निबंध काढून लाल पेनने तपासले, तेव्हा दिसलं की बारा काळांपैकी जेमतेम चारच मी वापरले होते. निम्म्याहून जास्त चुका 'अ' आणि 'द' या दोन चिमुकल्या शब्दांच्या होत्या. उरलेल्यांपैकी बऱ्याच अशा, की वाक्य मराठीत म्हणून पाहिलं की चूक कुठून आली ते लगेच कळावं.

पहिल्यांदाच तयारीला लागणाऱ्या आणि डोक्यात मराठीच चालू असणाऱ्या माणसासाठी हे लिहितो आहे. इंग्रजी वाक्यंही देवनागरीतच दिली आहेत. ती मोठ्याने वाचा, चूक डोळ्यांपेक्षा कानाला लवकर सापडते.

पायरी पहिली: व्याकरणाचे मार्क कुठे आहेत ते पाहा

दहावीच्या पेपरात 'डू ॲज डायरेक्टेड' असायचं. 'रिमूव्ह टू', 'नो सूनर दॅन वापरा', 'व्हॉइस बदला'. आयईएलटीएसमध्ये असा प्रश्नच नाही. लिसनिंग, रीडिंग, रायटिंग आणि स्पीकिंग हे चार भाग आहेत. व्याकरणाचा वेगळा पेपर नाही.

पण व्याकरण मोजलं जातं, तेही बऱ्यापैकी कडक. रायटिंगमध्ये परीक्षक चार निकषांवर गुण देतो: प्रश्नाला नीट उत्तर दिलं का, मांडणी सलग आहे का, शब्दसंपत्ती, आणि व्याकरणाची विविधता व अचूकता. चारही निकषांना सारखं वजन, म्हणजे व्याकरणाचा वाटा 25 टक्के. स्पीकिंगमध्येही चार निकष असतात आणि तिथेही व्याकरण हा त्यांतला एक.

'विविधता' आणि 'अचूकता' हे दोन शब्द वेगवेगळे वाचा. नुसती छोटी, बिनचूक वाक्यं लिहिली तर विविधता नाही. लांबलचक वाक्यं लिहिली आणि ती मोडली तर अचूकता नाही. गुण इथे बँडमध्ये, म्हणजे नऊपर्यंतच्या श्रेणीत, मिळतात आणि बँडचे निकष सगळ्यांना पाहायला खुले आहेत. त्यात सहाच्या बँडला साधी आणि मिश्र (कॉम्प्लेक्स) वाक्यं मिसळलेली असतात, चुकाही असतात, पण अर्थ सहसा अडत नाही. सातच्या बँडला बिनचूक वाक्यं वारंवार दिसायला हवीत. सहा आणि सात यांच्यामधली भिंत बहुतेकांसाठी हीच असते. नवीन काही शिकण्यापेक्षा, येतं तेच न चुकता लिहिणं.

आणखी एक हिशेब. एकूण बँड म्हणजे चार भागांची सरासरी, जवळच्या अर्ध्या बँडला आणलेली. लिसनिंग 7.5, रीडिंग 7, रायटिंग 6, स्पीकिंग 6.5 मिळाले तर सरासरी 6.75 येते आणि निकालपत्रावर 7 छापलं जातं. ऐकायला छान वाटतं. पण कित्येक विद्यापीठं आणि व्यवसाय-नोंदणी मंडळं प्रत्येक भागाला किमान बँड मागतात, आणि अडकायला होतं ते रायटिंगमध्ये. ब्रिटनमध्ये जाऊ पाहणाऱ्या नर्सना हे चांगलं ठाऊक असतं. तिथलं नोंदणी मंडळ बाकी तीन भागांना 7 आणि रायटिंगला 6.5 मागतं. तुम्हाला नेमकं काय लागतं ते त्या संस्थेच्याच संकेतस्थळावर पाहा. क्लासच्या पोस्टरवर विसंबू नका. आणि निकाल दोन वर्षं ग्राह्य धरला जातो, तेव्हा उगाच घाई करून तारीख घेऊ नका.

पायरी दुसरी: काहीही न शिकता एक निबंध लिहा

हो, आधीच. रायटिंगमध्ये दोन टास्क असतात, त्यांतला दुसरा निबंधाचा. या टास्क 2 चा एक जुना प्रश्न घ्या, 40 मिनिटं लावा आणि किमान 250 शब्द लिहा. परीक्षा कॉम्प्युटरवर देणार असाल तर टाईप करा, पण स्पेलिंग तपासणारी सोय बंद ठेवून. परीक्षेतही ती नसते. शब्द मोजणारा आकडा तेवढा पडद्यावर दिसतो.

निबंध दोन दिवस बाजूला ठेवा. मग स्वतः तपासा, आणि त्यानंतरच इंग्रजी चांगलं असलेल्या कुणाला तरी किंवा एखाद्या ॲपला दाखवा. हा क्रम उलटा करू नका. ॲपने एका क्षणात सगळं सुधारून दिलं की आपण "अरे हो, बरोबर" म्हणतो आणि पुढच्या निबंधात तीच चूक करतो.

एक शंभर पानी वही घ्या. प्रत्येक पानाचे तीन रकाने करा: मी लिहिलेलं वाक्य, बरोबर वाक्य, आणि ही चूक मी का केली. खरी किंमत तिसऱ्या रकान्याची आहे. तिथे 'माहीत नव्हतं', 'माहीत होतं पण घाईत सुटलं' किंवा 'मराठीतून उचललं' यांपैकी एक लिहा. चार निबंधांनंतर वही स्वतःच सांगते की तुमचा अभ्यासक्रम काय आहे. बहुतेकांचा तो पाच-सहा मुद्द्यांत मावतो.

पायरी तिसरी: मराठीतून येणाऱ्या चुका ओळखा

इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा.

सुरुवात आर्टिकलपासून, म्हणजे 'अ', 'ॲन' आणि 'द' यांच्यापासून. मराठीत आर्टिकल नाही, म्हणून "माझे वडील शेतकरी आहेत" याचं "माय फादर इज फार्मर" होतं. इंग्रजीत मोजता येणारं एकवचनी नाम उघडंनागडं उभं राहत नाही. त्याच्यापुढे 'अ', 'द', 'माय', 'धिस' असं काहीतरी लागतंच: "माय फादर इज अ फार्मर." हा एक नियम पाळला तरी निम्मं काम होतं.

'अ' आणि 'द' यांत गोंधळ होत असेल तर मराठी कानाचीच मदत घ्या. "अंगणात एक कुत्रा आला. कुत्र्याने भाकरी पळवली." पहिल्यांदा आपण 'एक' म्हटलं, दुसऱ्यांदा नुसतं 'कुत्र्याने', कारण आता कोणता कुत्रा ते ऐकणाऱ्याला कळलं आहे. इंग्रजीत पहिल्या ठिकाणी 'अ डॉग' आणि दुसऱ्या ठिकाणी 'द डॉग'. फरक आपल्याला आधीपासून कळतो, फक्त तो दाखवायला मराठीत वेगळा शब्द लागत नाही.

मग उलट आजार होतो. 'द' शिकलेला माणूस तो सगळीकडे शिंपडतो: "द चिल्ड्रेन शुड लर्न द म्युझिक." टास्क 2 चे विषय सर्वसाधारण असतात. जगातल्या सगळ्याच मुलांबद्दल बोलायचं असेल तर नुसतं 'चिल्ड्रेन', नुसतं 'म्युझिक'. 'सोसायटी', 'एज्युकेशन', 'नेचर' हेही सर्वसाधारण अर्थाने एकटेच येतात. याउलट 'द गव्हर्नमेंट', 'द एन्व्हायर्नमेंट', 'द इंटरनेट' यांना 'द' लागतो. हे सहा शब्द टास्क 2 मध्ये इतके येतात की ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

मोजता न येणाऱ्या नामांत मात्र मराठी चक्क आपल्या बाजूने उभी असते. 'इन्फर्मेशन'चं अनेकवचन होत नाही हे पाठ करायची गरज नाही. 'माहिती'चं तरी कुठे होतं? 'लगेज'चं नाही, कारण 'सामान'चंही नाही. फसवणारे शब्द थोडेच आहेत. 'सल्ले' म्हणतो म्हणून 'ॲडव्हायसेस' होतं, 'बातम्या आल्या' म्हणतो म्हणून 'न्यूज आर' होतं, 'केस गळतात' म्हणतो म्हणून 'हेअर्स आर फॉलिंग' होतं. तिन्ही ठिकाणी इंग्रजी एकवचनच धरते. 'रिसर्च', 'होमवर्क', 'इक्विपमेंट', 'फर्निचर' हेही त्याच रांगेतले.

आता काळ. बारा काळांचा तक्ता भिंतीवरून काढा. मराठी माणसाला नडतात त्या मुख्यतः दोन जागा.

पहिली 'होतो'ची. आपण सहज म्हणतो, "काल मी बँकेत गेलो होतो." मनात हे 'होतो' धरून आपण लिहितो, "यस्टरडे आय हॅड गॉन टू द बँक." इंग्रजीत इथे साधा भूतकाळच पुरतो: "यस्टरडे आय वेंट टू द बँक." 'हॅड' तेव्हाच लागतो, जेव्हा भूतकाळातल्या एका गोष्टीच्या आधी दुसरी घडून गेलेली असते. "मी स्टेशनवर पोचलो तेव्हा गाडी सुटली होती" याचं "व्हेन आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट" हे बरोबर. चूक तपासायची युक्ती सोपी आहे. निबंधात जिथे 'हॅड' लिहिला असेल तिथे विचारा, कशाच्या आधी? उत्तर नसेल तर 'हॅड' खोडा.

दुसरी 'पासून'ची. "मी दहा वर्षांपासून नाशिकला राहतो" यातलं 'राहतो' वर्तमानकाळी दिसतं, म्हणून "आय ॲम लिव्हिंग इन नाशिक सिन्स टेन इयर्स." यात दोन चुका आहेत. क्रियापद 'हॅव लिव्ह्ड' किंवा 'हॅव बीन लिव्हिंग' हवं, आणि 'सिन्स'च्या जागी 'फॉर'. मराठीत दोन्हींना 'पासून'च आहे. म्हणून प्रश्न विचारून पाहा. 'किती वेळ?' याचं उत्तर असेल तर फॉर: फॉर टेन इयर्स. 'केव्हा सुरू झालं?' याचं उत्तर असेल तर सिन्स: सिन्स 2015.

"आय ॲम नोइंग", "आय ॲम अंडरस्टँडिंग" हे 'मला कळतंय' या प्रकारातून येतं. माहीत असणं, समजणं, हवं असणं, मत असणं या अवस्था आहेत, त्यांना 'आयएनजी' लावू नका. एवढं पुरे.

कर्ता आणि क्रियापद यांचा मेळ सगळ्यांना माहीत असतो, आणि तरी सगळ्यांचा चुकतो, कारण दोघांच्या मध्ये दुसरे शब्द घुसतात. "द नंबर ऑफ कार्स हॅव इन्क्रीज्ड" असं लिहून जातो, कारण शेजारी 'कार्स' बसलेलं आहे. मराठीत म्हणून पाहा: गाड्यांची संख्या वाढली. वाढली ती संख्या, आणि ती एकच. म्हणून 'हॅज'. तसंच 'वन ऑफ द रीझन' ही चूक. मराठीत आपण 'कारणापैकी' कधी म्हणत नाही, 'कारणांपैकी' म्हणतो. तो अनुस्वार आठवला की 'रीझन्स' आपोआप लिहिलं जातं.

शब्दयोगी अव्ययांची यादी पाठ करायला गेलात तर ती संपणार नाही. टास्क 2 मध्ये हमखास लागणारे तेवढे घ्या. 'वर परिणाम होतो' म्हणून आपण 'अफेक्ट्स ऑन हेल्थ' लिहितो. 'अफेक्ट' हे क्रियापद, त्याला 'ऑन' नको: "पोल्यूशन अफेक्ट्स हेल्थ." 'इफेक्ट' हे नाम, त्याला हवा: "पोल्यूशन हॅज ॲन इफेक्ट ऑन हेल्थ." हाच फरक 'वर भर देणे'मध्ये: 'एम्फसाइज' एकटा, 'एम्फसिस ऑन' जोडीने. 'बद्दल चर्चा' म्हणून 'डिस्कस अबाउट' नको, नुसतं 'डिस्कस'. 'ला पोचणे' म्हणून 'रीच टू' नको. 'शी लग्न' असलं तरी 'मॅरिड टू', 'वर राग' असला तरी 'अँग्री विथ'. शिवाय 'सोल्यूशन टू', 'डिमांड फॉर', 'रीझन फॉर' पण 'कॉज ऑफ'. हे सुटे शब्द म्हणून शिकू नका, अख्खा तुकडा तोंडात बसवा.

जोडशब्दांत 'जरी-तरी' सगळ्यात खोडकर. मराठीत दोन्ही लागतात, म्हणून "ऑलदो द जॉब इज हार्ड, बट द पे इज गुड." इंग्रजीत 'ऑलदो' आला की 'बट' जातो आणि 'बट' आला की 'ऑलदो' जातो. 'जर-तर'मध्ये खरं तर मराठी बोलणं शहाणं आहे. "पाऊस पडला तर जाणार नाही" यात आपणही 'जर'च्या बाजूला भविष्यकाळ ठेवत नाही. पण इंग्रजी लिहिताना कोण जाणे का, "इफ द गव्हर्नमेंट विल इन्क्रीज टॅक्सेस" असं होतं. 'विल' फक्त 'तर'च्या बाजूला: "इफ द गव्हर्नमेंट इन्क्रीजेस टॅक्सेस, पीपल विल ड्राइव्ह लेस."

आणि 'की'. "वडील म्हणाले की मी येतो." मराठीत यातला 'मी' म्हणजे वडील. "माय फादर सेड दॅट आय ॲम कमिंग" या इंग्रजी वाक्यात 'आय' म्हणजे तुम्ही! "माय फादर सेड दॅट ही वॉज कमिंग" म्हणायला हवं. ही चूक स्पीकिंगमध्ये फार होते, कारण तिथे गोष्ट सांगायची असते.

वाक्याच्या पोटात आलेला प्रश्नही असाच. "मेनी पीपल आस्क व्हाय डू यंग पीपल लीव्ह देअर व्हिलेजेस" यातला 'डू' काढा. आतला प्रश्न साध्या वाक्यासारखा लिहायचा: "व्हाय यंग पीपल लीव्ह देअर व्हिलेजेस."

पायरी चौथी: वाक्य लांबवा, पण एका सांध्याने

आता विविधता. लोक इथे घाबरून शाळेतलं 'नो सूनर दॅन' बाहेर काढतात. काढू नका. मोबाइलच्या वापरावरच्या निबंधात ते लग्नात घातलेल्या शाळेच्या गणवेशासारखं दिसतं. चार सांधे पक्के असले तरी बरीच मजल मारता येते: कारण सांगणारा 'बिकॉज', तुलना करणारे 'व्हाइल' आणि 'ऑलदो', अट घालणारा 'इफ', आणि नामाला माहिती जोडणारे 'हू' व 'व्हिच'.

या शेवटच्यात मराठीची रचना उलटी आहे. 'गावात राहणारी मुलं', 'काल आलेलं पत्र' असं आपण वर्णन आधी आणि नाम नंतर ठेवतो. इंग्रजीत नाम आधी: "चिल्ड्रेन हू लिव्ह इन व्हिलेजेस", "द लेटर व्हिच केम यस्टरडे". रोज असे पाच मराठी तुकडे घ्या आणि उलटवा. बसमध्ये बसल्या बसल्या होण्यासारखा हा व्यायाम आहे. समोरच्या दुकानांच्या पाट्या, माणसं, काहीही चालतं: छत्री विसरलेला माणूस, बंद पडलेली रिक्षा, कालपासून न उघडलेलं दुकान.

सवयीने 'जे-ते' मात्र आत घुसतं. "जे विद्यार्थी गरीब आहेत ते..." या 'ते'मुळे "स्टुडंट्स हू आर पुअर, दे कॅनॉट पे" लिहिलं जातं. 'दे' काढा. कर्ता आधीच येऊन गेला आहे.

स्वल्पविरामाचंही तसंच. "पाऊस आला, आम्ही घरी गेलो" हे मराठीत खपतं. इंग्रजीत दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने जोडलेली चूक धरतात. पूर्णविराम द्या किंवा मध्ये 'सो' घाला. 'हाउएव्हर'ने दोन वाक्यं जोडता येत नाहीत. त्याच्या आधी पूर्णविराम आणि नंतर स्वल्पविराम, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

एका वाक्यात दोनपेक्षा जास्त सांधे आले तर ते तोडा. मला स्वतःला हे पटायला सर्वात जास्त वेळ लागला. लांब वाक्य म्हणजे विद्वत्ता, हा आपला जुना समज आहे, आणि त्याचं श्रेय अग्रलेखांना आणि सरकारी परिपत्रकांना सारखंच द्यायला हवं.

पायरी पाचवी: टास्क 1 साठी वेगळी तयारी

परीक्षेचे दोन प्रकार आहेत. ॲकॅडमिक प्रकारात (मुख्यतः उच्च शिक्षण आणि व्यवसाय-नोंदणीसाठी) टास्क 1 मध्ये आलेख, तक्ता, नकाशा किंवा प्रक्रियेचं चित्र येतं, किमान 150 शब्द. वेळ 20 मिनिटांहून जास्त देऊ नका, कारण टास्क 2 चं वजन दुप्पट आहे.

आलेखाच्या व्याकरणात मराठीचे प्रत्यय जसेच्या तसे उपयोगी पडतात. '20 टक्क्यांनी वाढलं' म्हणजे 'बाय', '20 टक्क्यांवर गेलं' म्हणजे 'टू', '40 वरून' म्हणजे 'फ्रॉम'. इथे गफलत झाली तर ती नुसती व्याकरणाची राहत नाही, आकडाच खोटा होतो. जाता जाता: 40 टक्क्यांवरून 60 टक्क्यांवर जाणं ही 20 टक्क्यांची वाढ नसते, 20 'पर्सेंटेज पॉइंट्स'ची असते. लाख आणि कोटी घरी ठेवा. 15 लाख म्हणजे 1.5 मिलियन आणि एक कोटी म्हणजे दहा मिलियन. स्वल्पविरामही तीन-तीन अंकांनी.

प्रक्रियेच्या चित्राला पॅसिव्ह लागतं: दूध गोळा केलं जातं, तापवलं जातं, थंड केलं जातं. "द मिल्क इज कलेक्टेड, हीटेड अँड देन कूल्ड." मराठीत जिथे 'केलं जातं' म्हणाल तिथे 'इज' आणि क्रियापदाचं तिसरं रूप. निबंधात मात्र 'करण्यात येते'ची सवय नको.

जनरल ट्रेनिंग प्रकारात (मुख्यतः काम आणि स्थलांतरासाठी) टास्क 1 ला पत्र असतं. 'विथ रेफरन्स टू द अबव्ह सब्जेक्ट' आणि 'काइंडली डू द नीडफुल' ही आपल्या ऑफिसांची भाषा विसरा. औपचारिक पत्राला "आय ॲम रायटिंग टू..." अशी सुरुवात आणि विनंतीला "आय वुड बी ग्रेटफुल इफ यू कुड..." पुरतं. मित्राला लिहायचं असेल तर मित्राला लिहिल्यासारखंच लिहा.

पायरी सहावी: तेच व्याकरण तोंडात आणा

स्पीकिंग 11 ते 14 मिनिटांचं असतं. दुसऱ्या भागात एक कार्ड मिळतं, तयारीला एक मिनिट आणि बोलायला एक ते दोन मिनिटं. कार्डावर बहुतेकदा एखादी आठवण सांगायची असते, म्हणजे भूतकाळ. आपण सुरुवात भूतकाळात करतो आणि चौथ्या वाक्याला वर्तमानकाळात उतरतो: "वी वेंट टू कोकण, अँड देन माय अंकल टेल्स अस..." मराठीत रंगून गोष्ट सांगताना हे शोभतं, तिथे चूक ठरतं. तयारीच्या मिनिटात कागदावर सुटे मुद्दे लिहिण्याऐवजी पाच भूतकाळी क्रियापदं लिहा: वेंट, सॉ, टोल्ड, फेल्ट, केम बॅक. पुढची गोष्ट ती ओढून नेतात.

शेवटचे आवाज गिळू नका. "लास्ट इयर आय वर्क इन पुणे" असं ऐकू आलं तर परीक्षक ते व्याकरणातच धरणार, मग तुम्हाला नियम कितीही माहीत असो. 'वर्केड' नाही, 'वर्क्ट'. 'वॉचेड' नाही, 'वॉच्ट'. 'ट' किंवा 'ड'ने संपणाऱ्या क्रियापदांनाच वेगळा 'एड' ऐकू येतो: वॉन्टेड, नीडेड. मोबाइलवर स्वतःचं दोन मिनिटांचं बोलणं रेकॉर्ड करा आणि फक्त शब्दांचे शेवट ऐका. पहिल्यांदा ऐकवत नाही. तरी ऐका.

बोलताना चूक लक्षात आली तर एकदा सुधारा आणि पुढे चला. 'सॉरी, सॉरी' म्हणत तीनदा मागे गेलात की ओघ तुटतो, आणि ओघालाही गुण आहेत.

लिसनिंग आणि रीडिंगमध्ये

इथे व्याकरण दिसत नाही, पण मार्क खातं. गाळलेल्या जागेच्या आधी 'अ' असेल तर एकवचन, 'मेनी' असेल तर अनेकवचन. ऐकण्यापूर्वीच रिकामी जागा वाचून नाम हवं की विशेषण ते ठरवा. 'टिकिट्स'च्या जागी 'टिकिट' लिहिलं, स्पेलिंग चुकलं किंवा सांगितलेल्यापेक्षा एक शब्द जास्त लिहिला, तर उत्तर चूक.

वेळापत्रक

आठ आठवडे आणि रोज एक तास हाताशी आहेत असं धरतो. पहिला आठवडा निबंध आणि चुकांची वही. पुढचे दोन आर्टिकल आणि वचन. चौथा काळांचा, पाचवा शब्दयोगी अव्ययं आणि जोडशब्दांचा, सहावा टास्क 1 चा. शेवटचे दोन आठवडे वेळ लावून पूर्ण पेपर. केंब्रिजने छापलेल्या जुन्या प्रश्नपत्रिका यासाठी राखून ठेवा, आधीच संपवू नका. एखादा नियम मुळातूनच माहीत नसेल तर ब्रिटिश कौन्सिलच्या संकेतस्थळावर व्याकरणाचे फुकट पाठ आहेत. तेवढाच पाठ वाचा आणि परत वहीकडे या. दर आठवड्याला एक निबंध सुटता कामा नये.

पाठ केलेले तयार निबंध विकणारे भेटतील. परीक्षकांना ते ओळखू येतात आणि त्यांचे गुण कापले जातात.

परीक्षेत शेवटची पाच मिनिटं राखून ठेवा. पण निबंध वरून खाली वाचू नका. असं वाचलं की मन अर्थाच्या मागे धावतं आणि डोळा चुकीवरून सरकतो. एका फेरीत एकच गोष्ट शोधा. पहिल्या फेरीत फक्त क्रियापदं आणि त्यांचे कर्ते, दुसऱ्या फेरीत फक्त एकवचनी नामं आणि त्यांच्यापुढचे 'अ-द'. तिसरी फेरी, या दोन सोडून, तुमच्या वहीत सगळ्यात जास्त वेळा आलेल्या चुकीची. माझी 'हॅड'ची होती. दुसऱ्या खेपेला मी शेवटच्या मिनिटाला तीन 'हॅड' खोडले, आणि चौथा, गाडी सुटल्याचा, ठेवला.